शब्दांना सुट्टी
(प्रस्तावना)

हे पुस्तक मणीकाम शिकवतं, पण ते लिहिणाऱ्यांसाठी आहे. कविता, कथा, बातमी, अग्रलेख, प्रबंध, भाषांतर, मालिकांचे संवाद यांपैकी कशात तरी ज्यांचा दिवस जातो, त्यांनी रोज थोडा वेळ कागद आणि संगणक बाजूला सारावा, सुई-दोरा आणि ताटलीभर काचेचे मणी घेऊन बसावं, असं ते सुचवतं. पट्टी कशी विणायची, तोरण कसं बांधायचं, रंग कसे निवडायचे हे पुढच्या प्रकरणांत सविस्तर आलं आहे. त्याआधी लिहिणाऱ्या माणसानं हे का करावं याचा खुलासा करायला हवा, कारण आमच्या वऱ्हाडात हा प्रश्न आडपडदा न ठेवता विचारला जातो. "काऊन बाई, लिवनं सोडून मनी ओवून राह्यल्या काय?" असं शेजारच्या काकूंनी विचारलं, की 'मन रमतं' एवढ्या उत्तरावर सुटका होत नाही.

माझं उत्तर थोडक्यात असं आहे: मणीकामात सारखं मोजावं लागतं, आणि मोजत असलेलं मन त्याच वेळी वाक्यं रचू शकत नाही. लेखक टेबलापासून उठला तरी त्याच्या आत वाक्यं चालूच असतात. भाजी निवडताना, रिक्षात बसल्यावर, अंथरुणाला पाठ टेकल्यावरही तो एखादा शब्द बदलून बघत असतो. ही आतली लगबग थांबवण्याचे उपाय फार थोडे आहेत. त्यांतला एक स्वस्त, बिनआवाजी आणि घरबसल्या करता येण्यासारखा उपाय म्हणजे मणीकाम. त्यातून सुबक वस्तू तयार होते, रंग डोळ्यांना सुखावतात, पाहुणे कौतुक करतात, ही सगळी वरकड कमाई.

मणी या मुलखाला नवे नाहीत. आपल्या काळ्या मातीखालचा खडक लाव्ह्याचा आहे. लाव्हा थंड होताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले, पोकळ्या राहिल्या, आणि पुढं पाण्याबरोबर झिरपलेल्या सिलिकेनं त्या भरत जाऊन गारगोटी, अकीक, तांबूस कार्नेलियन असे दगड तयार झाले. नागपूरजवळच्या माहुरझरीला फार प्राचीन काळी या दगडांचे मणी घडवले जात; महापाषाणयुगीन शिलावर्तुळांसाठी प्रसिद्ध असलेलं ते गाव मणी घडवण्याचं मोठं केंद्र होतं, हे तिथल्या उत्खननांतून स्पष्ट झालं आहे. आपल्या अमरावती जिल्ह्यात वर्धा नदीकाठी कौंडण्यपूर आहे. रुक्मिणीचं माहेर म्हणून ते सगळ्यांना ठाऊक असतं, आषाढीला तिथली पालखी पंढरपूरला जाते. तिथल्या टेकाडाचं उत्खनन मोरेश्वर गंगाधर दीक्षित यांनी केलं आणि त्याचा अहवाल १९६८ साली निघाला. हे दीक्षित मण्यांचे जाणकार. नक्षीदार मण्यांवरचं त्यांचं इंग्रजी पुस्तक १९४९ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजनं काढलं. भारतीय काचेच्या इतिहासावरही त्यांनी स्वतंत्र ग्रंथ लिहिला. अशा तांबड्या नक्षीदार मण्यावरची पांढरी नक्षी कोरलेली नसते. क्षाराच्या द्रवानं मण्यावर रेषा काढायच्या आणि मणी तापवायचा. जिथं क्षार लागला तिथं दगडाचा पृष्ठभाग कायमचा पांढरा होतो. दोन हजार वर्षं मातीत राहूनही तो पुसला जात नाही. वाटाण्याएवढ्या मण्यावर हे करणाऱ्या कारागिराचा हात किती स्थिर असेल, याचा अंदाज सुई ओवताना चाचपडणाऱ्या माणसाला लगेच येतो.

एवढं मागं जायचं नसेल तर आजूबाजूला बघावं. अमरावतीत जवाहर गेटच्या आत शिरलं, सराफ्याकडं वळलं, की अजूनही एखाद्या पेढीच्या कडेला पटवेकरी बसलेला दिसतो. पायाच्या अंगठ्याला दोरा अडकवून तो काळी पोत, सोन्याचे मणी आणि वाट्या गाठतो. सोनार दागिना घडवतो, पण तो गळ्यात नीट बसेल की नाही हे पटवेकऱ्याच्या गाठीवर ठरतं. एकदाणी, गरसोळी, डोरलं हे वऱ्हाडातल्या बायकांचे जुने दागिने; या ओवणाऱ्या हातांशिवाय ते सुट्या मण्यांची पुरचुंडीच राहिले असते. वाशीम, यवतमाळकडं जावं तर बंजारा तांड्यांवरच्या जुन्या फेटिया-कांचळीवर आरसे, कवड्या, शिसं आणि मणी एकत्र नांदतात. घागरीखालची चुंबळ आणि तिच्यामागं पाठीवर रुळणारी कवड्यांची पट्टीही अशीच सजवलेली असे. मेळघाटात धारणी-चिखलदऱ्याच्या आठवडी बाजारात कोरकू बायका मण्यांच्या सरी हातात तोलून, रंग उजेडात धरून निवडतात. आणि मध्यमवर्गीय घरांत रुखवतावर मण्यांचे पोपट, मण्यांचं 'सुस्वागतम्'चं तोरण, आरशाभोवतीची मण्यांची महिरप ही दोनतीन पिढ्यांची हौस होती. दोसुतीच्या भरतकामाचे चौकड्यांचे नमुनेच त्या मण्यांत उतरवत. पुढं काचेच्या जागी प्लॅस्टिक आलं, दोऱ्याच्या जागी तंगूस आली, मग तयार तोरणं बाजारात आली, आणि घरातली सुई डब्यात गेली.

या कामाला कुणी 'बायकी' म्हणून बाजूला सारतो, त्याला दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. पहिली म्हणजे गाठण्याच्या या पेशात पुरुष पिढ्यान्‌पिढ्या आहेत. दुसरी गोष्ट आपल्याच जिल्ह्यातली. चांदूर बाजार तालुक्यातल्या माधानचे प्रज्ञाचक्षू गुलाबराव महाराज तान्हेपणीच दृष्टी गमावूनही, १८८१ ते १९१५ एवढ्याशा आयुष्यात शंभरावर ग्रंथांचे कर्ते झाले. स्वतःला श्रीकृष्णाची पत्नी मानणाऱ्या या पुरुषानं मंगळसूत्र धारण केलं होतं. लोक काय म्हणतील या भीतीनं सुई हातात न घेणाऱ्या लेखकांनी त्यांची आठवण ठेवावी.

आता मोजणीकडं वळू. आपल्याकडच्या मण्यांच्या विणीत सगळ्यात साधी वीण चौकटीची. दोऱ्यात चार मणी ओवायचे आणि सुई पहिल्या मण्यातून परत काढून गोल बांधायचा, की एक चौकट झाली. पुढच्या चौकटीला एक बाजू आधीच मिळालेली असते, म्हणून नवे तीनच मणी लागतात. दहा चौकटींच्या ओळीला असे चार आणि नऊ वेळा तीन, म्हणजे एकतीस मणी होतात. दुसऱ्या ओळीत पहिल्या चौकटीला तीन, आणि त्यानंतर प्रत्येकीला दोनच, कारण आता खालची आणि शेजारची अशा दोन बाजू तयार असतात. तिथं एकवीस मण्यांत काम भागतं. शिवाय सुई एका चौकटीत उजवीकडून फिरते, पुढच्या चौकटीत डावीकडून. नक्षी असेल तर यात रंग मिसळतात: दोन हिरवे, एक पिवळा, पुन्हा हिरवा. म्हणजे हाताशी एकाच वेळी तीन हिशेब असतात, किती मणी, कोणत्या बाजूनं आणि कोणता रंग. यांपैकी एकही अवघड नाही. पण तिघांना सांभाळताना चौथ्या गोष्टीला जागा उरत नाही, आणि ती चौथी गोष्ट म्हणजे सकाळी अर्धवट राहिलेला परिच्छेद.

यामागं कारण आहे. ॲलन बॅडली आणि ग्रॅहॅम हिच या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञांनी १९७४ साली माणसाच्या तात्पुरत्या स्मरणाचा एक आराखडा मांडला. त्यात शब्द मनातल्या मनात घोळवत ठेवणारा एक वेगळा कप्पा त्यांनी मानला. फोन नंबर लिहून घेईपर्यंत आपण तो पुटपुटतो, तेव्हा हाच कप्पा काम करत असतो. त्याची धारणशक्ती बेताची असते. प्रयोगात माणसांना एकच शब्द किंवा आकडे सारखे म्हणत राहायला सांगितलं, की त्यांना दिलेली शब्दांची यादी लक्षात ठेवणं जड जातं. तोंडातली मोजणी आणि मनातलं बोलणं एकाच जागेसाठी भांडतात. बॅडलींनी मण्यांवर प्रयोग केला नव्हता. हा संबंध मी जोडते आहे. पण 'तीन, तीन, तीन' मोजत बसलेल्या कुठल्याही लेखकाला त्याचा पडताळा पहिल्याच ओळीत येईल.

जपमाळेची आठवण इथं येणारच. एकशे आठ मणी, वर मेरुमणी. मेरू ओलांडायचा नाही, तिथून माळ उलट फिरवायची. वारकऱ्याची तुळशीची माळ, मुसलमान शेजाऱ्याची तस्बीह, जैनांची नवकारवाळी, सगळीकडं मोजण्याचं काम मणी करतात. बोटाला मणी लागला की एक झाला, एवढंच. आकडा बोटांकडं सोपवल्यामुळं जीभ आणि मन नामासाठी मोकळी राहतात. मणीकामात ही वाटणी नेमकी उलटी आहे. इथं मन मोजतं आणि मणी जागेवर बसतो. नामाला, शब्दाला, अर्थाला वावच नाही. म्हणून या कामाला 'ध्यान' म्हणताना मी थोडी थांबते. ज्यात कुणाचं तरी स्मरण आहे ते ध्यान वेगळं. मणीकामात स्मरण नाही, आराध्य नाही, फळ मागायचं नाही. भाविक वाचकाला यातून समाधीचा अनुभव येईल असा दावा मी करत नाही. ज्याची रोजी-रोटी शब्दांवर आहे, त्याला शब्दावाचून घालवलेला अर्धा तास केवढा मोठा असतो, एवढंच मी सांगते.

हाताच्या कामाकडं वळलेले लेखक पूर्वीही होते. व्हर्जिनिया वूल्फ यांच्या घरी १९१७ साली हातछपाईचं छोटं यंत्र आलं, त्यामागं लिखाणाच्या ताणातून त्यांचं मन दुसरीकडं वळावं असा त्यांच्या पतीचा हेतू होता. त्या स्वतः खिळे जुळवत बसत. पण खिळे म्हणजे अक्षरंच. शब्दांपासून सुटका झाली ती अर्धीच. अमरावतीशी दीर्घ नातं असलेले कवी वसंत आबाजी डहाके रेखाटनंही करतात. त्यांच्या ज्या कवितासंग्रहाला २००९ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, त्याचं नावच 'चित्रलिपी' आहे. तिथं रेषा हीदेखील अभिव्यक्तीच. मण्यांची चौकट यापेक्षा मुकी आहे. ती काही सांगत नाही, आणि लेखकानं तिच्याकडून काही वदवून घ्यायलाही जाऊ नये.

इथं वर्ध्याच्या शेजारच्या माणसाकडून एक आक्षेप हमखास येतो: मग सूत का कातू नये? गांधीजींनी कातण्याला यज्ञ म्हटलं, सेवाग्राम इथून जवळ, आणि हा तर कापसाचा मुलूख. कातलेल्या सुताचं कापड तरी होतं. आक्षेप रास्त आहे. ज्यांना टकळी जमते त्यांनी खुशाल कातावं. पण कातणं हाताला साधलं की मोजणी सुटते. हात आपोआप चालतो आणि मन पुन्हा भटकायला, म्हणजे लेखकाच्या बाबतीत वाक्यं जुळवायला, मोकळं होतं. मण्यांच्या नक्षीत ती सवलत मिळत नाही. वर्षानुवर्षं करणाऱ्या बाईलाही रंग मोजावेच लागतात. ज्यानं लक्ष काढून घेतलं त्याची चूक दोन ओळींनंतर उघडी पडते.

या चुकीविषयी थोडं सांगायला हवं. मण्यांच्या विणीत चुकलेला एक मणी मधूनच काढता येत नाही. ज्या वाटेनं सुई गेली त्याच वाटेनं, उलट्या क्रमानं, एकेक मणी उतरवत मागं यावं लागतं. खोडरबर नाही, पॅच मारणं नाही. मला हे काम शिकवणाऱ्या एका आजी म्हणत, "घाई कायले करता ताई? सुटलं त पुन्हा ओवू." चांगला मजकूर कापताना लेखकाचा जीव वर-खाली होतो. मणी उतरवताना तसं होत नाही, कारण उतरलेला मणी वाया जात नाही, तो परत ताटलीत पडतो. लिखाणाला या सवयीचा उपयोग झालाच तर तो आडवाटेनं होतो. त्यासाठी म्हणून कुणी सुई धरली, तर पुन्हा मनात लिखाणच शिरलं आणि सुट्टी संपली.

मराठी गद्य ज्या मातीत उगवलं तिथं मात्र मण्यांशी लिखाणाचं जुनं साम्य मला दिसतं, आणि ते सांगितल्याशिवाय राहवत नाही. मोर्शी तालुक्यातलं रिद्धपूर हे महानुभावांचं महास्थान. पंथप्रवर्तक चक्रधरस्वामींच्या पश्चात तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात म्हाइंभटांनी त्यांच्या आठवणी गोळा करायला सुरुवात केली. ज्यानं पाहिलं, ज्यानं ऐकलं, त्याच्याकडं स्वतः जायचं, विचारायचं, ताडून बघायचं, आणि मग एकेक लीळा नोंदवायची. कुणी शेतकरी भेटला, कुणी प्रश्न विचारला, स्वामींनी उत्तर दिलं, लीळा संपली. प्रत्येक लीळा आटोपशीर आणि स्वयंपूर्ण. एकामागं एक ठेवल्या की लीळाचरित्र झालं. पुढं परचक्राच्या धामधुमीत मूळ पोथी हरवली, तेव्हा अनुयायांनी आठवणीतून ती पुन्हा जुळवली. त्यामुळं पाठ बदलले, क्रम बदलला, पण लीळा टिकल्या. एकसंध लांबलचक कथन असतं तर इतकं हाती लागलं नसतं. सुटा घटक पूर्ण करून ठेवणं हे एक काम, आणि त्यांची ओळ लावणं हे दुसरं. म्हाइंभटांनी ही दोन्ही कामं वेगवेगळी ओळखली. आज त्याच रिद्धपुरात मराठी भाषा विद्यापीठ उभं राहिलं आहे. तिथं शिकायला येणाऱ्या मुलांपैकी कुणाच्या हाती हे पुस्तक पडलं, तर मला आनंद होईल.

साहित्याविषयी थोडक्यात. काचेचा बारीक मणी मुळात लांब नळी ओढून, तिचे तुकडे करून आणि ते पुन्हा तापवून, कडा गोल करून होतो. मण्याचा नंबर वाढला की आकार लहान होतो. अकरा नंबरचा मणी साधारण दोन मिलिमीटरचा. उत्तर प्रदेशातल्या पुरदिलनगरचे मणी स्वस्त पडतात, पण त्यांत जाड-बारीक निवडून घ्यावे लागतात. जपानी मणी एकसारखे, आणि त्याच मापानं महाग. नवशिक्यानं आठ नंबरनं सुरुवात करावी. शहरात मनिहारी सामानाच्या दुकानांत मणी, मण्यांची सुई आणि नायलॉनचा दोरा मिळतो. दोरा हातभर घ्यावा, त्याला मेण लावावं. ताटलीत जुन्या सुती साडीचा तुकडा अंथरावा, म्हणजे मणी घरंगळत नाहीत. चाळिशीचा चष्मा टाळू नये. आपल्याकडचा एप्रिल-मे हा या कामाचा खरा हंगाम, कारण दुपारी बाहेर पडायची सोय नसते; मात्र घामेजल्या बोटांना मणी चिकटून मोजणी चुकते. कूलरसमोरून थोडं बाजूला, खिडकीच्या उजेडात बसणं उत्तम.

एक सावधगिरी नक्षीबाबत. बंजारा आणि कोरकू मणीकामाचे नमुने या पुस्तकात मी मुद्दाम दिलेले नाहीत. ते त्या समाजांचं लेणं आहे, त्यांतल्या अनेक खुणांना घराण्याचा, सणाचा, विवाहाचा संदर्भ असतो. आवडले तर करणाऱ्या बाईकडून, तिनं सांगितलेला दाम देऊन विकत घ्यावेत. सरावासाठी दोसुतीच्या आलेखातले साधे नमुने भरपूर आहेत, तेच इथं घेतले आहेत.

पुस्तकाची रचना सोपी आहे. पहिल्या प्रकरणात साहित्य, दुसऱ्यात चौकटीची वीण, तिसऱ्यात तीन मण्यांची वीण, चौथ्यात रंगांची जुळणी, पाचव्यात तोरण आणि पट्टी, सहाव्यात चुकलेलं उसवण्याची रीत. शेवटच्या प्रकरणात, लिखाणाच्या वेळापत्रकात मणीकाम कुठं बसवावं याचे अनुभव आहेत. त्यांत एक गोष्ट जवळपास प्रत्येकानं सांगितली: लिहायला बसण्याआधी मणी घेऊ नयेत, लिहून झाल्यावर घ्यावेत. आधी घेतले तर ती टाळाटाळ ठरते.

ज्यांनी मला सुई धरायला शिकवलं त्या पटवेकऱ्यांनी आणि आजींनी आपली नावं छापू नयेत असं सांगितलं आहे. त्यांचा तो शब्द मी पाळते, आणि त्यांचे आभार नावाशिवाय मानते.

वाचकांना एकच विनंती. हे पुस्तक एका बैठकीत वाचून काढू नये. दुसऱ्या प्रकरणाच्या शेवटी दहा चौकटींची, दोन ओळींची पट्टी दिली आहे. ती बावन्न मण्यांची पट्टी हातावेगळी होईपर्यंत तिसरं प्रकरण उघडू नये. तेवढा वेळ माझ्या शब्दांनाही सुट्टी.

अमरावती
— लेखिका